पाण्याचा आवाज

नौपाड्यातल्या आमच्या गच्चीवरच्या बागेत छोटं कारंजं बसवायला एक प्लंबर दिवा गावाहून आलेला. कामाला चोख, बोलायला कमी. पाइप जोडताना सांडलेलं पाणी तो फडक्याने टिपायचा आणि ते फडकं कुंडीतच पिळायचा.

मी सहज म्हटलं, "कारंज्याच्या आवाजाने झोप छान लागते म्हणतात."

तो हसला. "आमच्याकडे उलटं आहे, साहेब. पहाटे नळाचा आवाज आला की अख्खी बिल्डिंग उठते."

पंप सुरू झाला, पाणी उसळलं, आणि त्याच्या हाताने शेजारची रिकामी बादली पटकन धारेखाली सरकवली. लक्षात येताच त्याने ती काढून घेतली.

हल्ली मी कारंजं लावत नाही. पाहुण्यांनी विचारलं, तर मोटर बिघडलीय म्हणून सांगतो.