मानेवरचा हात

साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या पाऊणशे मैलांत ज्याच्या मानेवर माझ्या बहिणीच्या सासऱ्यांचा हात पडला नाही, असा पुरुष सापडणे कठीण आहे. मी मोजणी खात्यातला माणूस. अंदाजाने बोलण्याची मला सवय नाही, तरीही हे विधान मी विचार करूनच करतो. घरीदारी सगळे त्यांना तात्या म्हणत, म्हणून मीही तात्याच म्हणतो. बहिणीचे लग्न ठरवायला मी कडेगावच्या बाजूला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी रामराम घेतला, पाणी दिले आणि मी तांब्या तोंडाला लावलेला असतानाच मागून येऊन माझी मान धरली. ढोराच्या बाजारात जनावराचा खांदा चाचपतात, तशी ती दोन बोटांनी आणि अंगठ्याने चाचपली. मला ठसका लागला. ते म्हणाले, "पावणं, बसून काम हाय वाटतं. मान हाय, पर तिला कवा कुनी इचारल्यालं न्हाई." माझे वय तेव्हा चोवीस होते. त्यानंतर माझ्या मानेची चौकशी कोणीच केली नाही, हेही येथे नमूद करतो.

माना चाचपणे हा त्यांचा छंद नव्हता, काम होते. आपल्याकडच्या लहानमोठ्या संस्थानांनी तालमी ठेवल्या होत्या आणि तिथे निवडक पैलवान पोसले जात. दूध, तूप, बदाम, मटण, राहायला खोली आणि वर्षाला दोन धोतरजोड्या. या पोसण्याला खुराक म्हणतात. तो एकदा सुरू झाला की पैलवानाने दुसरा उद्योग करायचा नाही, कुस्तीवरच जगायचे. मात्र तो कोणाला सुरू करायचा हे ठरवायची वेळ आली की कारभारी तात्यांना बोलावणे धाडीत. तात्यांचे निकाल दोनच. "खुराक घाला," नाही तर, "खुराक वाया जाईल." तिसरा निकाल मी पंचवीस वर्षांत ऐकला नाही.

पाहण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. कुस्ती रंगात आली की सगळी जत्रा पैलवानांच्या हातांकडे बघे, तात्या टाचांकडे बघत. कुस्ती सुटली की आखाड्याच्या हौद्यात उतरून टाचांचे खड्डे बोटाने मोजत. पैलवान दुपारचा झोपला की शेजारी बसून त्याचे श्वास मोजत. एकदा एक पैलवान मध्येच जागा झाला, उशाशी हा पांढऱ्या मिशांचा माणूस पुटपुटत बसलेला पाहून त्याला वाटले आपला शेवट जवळ आला, आणि तो लंगोटावरच तालमीबाहेर पळाला. तात्या म्हणाले, "पळतो चांगला." पण एवढे सगळे करूनही निकाल ते लगेच देत नसत. पैलवानाला पडलेला पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी बोलायचे नाही, हा त्यांचा नेम होता. "जिकताना समदी सारकीच दिसत्यात, पावणं. पाट मातीला लागली का मग गडी कळतो."

या नेमापायी त्यांनी पाटणकडच्या एका पैलवानाचा दोन वर्षे पाठलाग केला. तो पडेना, आणि हे निकाल देईनात. तो ज्या जत्रेला जाई तिथे हे घोंगडी घेऊन हजर. शेवटी तो मला एकदा म्हणाला, "साहेब, समोरच्या जोडीचं मला भ्या न्हाई वाटत, पर हौद्याच्या कडंला तात्या दिसलं का घाम फुटतो बगा. मी पडायची वाट बघनारा दुश्मन बी नसंल असा." अखेर एका जत्रेत तो पडला, उठला, आणि खांदा टेकलाच नव्हता म्हणून पंचांशी अर्धा तास हुज्जत घालीत राहिला. तात्यांनी घोंगडी झटकली. "खुराक वाया जाईल," म्हणाले, आणि गावाकडे चालू लागले.

कुस्तीशी संबंध नसलेली माणसेही त्यांच्या हातून सुटत नसत. माझ्या मेहुणीला पाहायला साताऱ्याचा एक कारकून आला होता. तात्या योगायोगाने आमच्याकडे उतरले होते. मुलाने पोह्यांचा पहिला घास घेतला आणि मानेवर हात पडला. मग तात्यांनी त्याला सरळ दहा बैठका मारायला सांगितले. माझे सासरे लाजेने खाली बघू लागले. मुलगा मात्र मुकाट्याने उठला, कोट काढून घडी करून ठेवला आणि बैठका मारू लागला. सातव्या बैठकीला बसला तो उठेना. मी मोजत होतो, सहाच झाल्या. तात्या म्हणाले, "गुडगं कच्चं हायती. पर उठता आलं न्हाई तरी कुनाला दोष दिला न्हाई. द्या पोरगी." लग्न झाले. नऊ वर्षे संसार नीट चालला आहे. अर्थात एका उदाहरणावरून नियम काढू नये.

आता जे सांगायचे ते माझ्या भाच्याविषयी, म्हणजे तात्यांच्या सख्ख्या नातवाविषयी आहे. सदा सांगलीला कॉलेजात होता आणि माझ्याच घरी राहत होता. हळदीच्या अडतीवरच्या काट्यावर मी त्याचे वजन दर महिन्याला करीत असे. पक्के दोन मण सहा शेर. दोन वर्षांत तो कॉलेजकडून आणि जत्रांतून सदतीस कुस्त्या लढला. नऊ जिंकला, अठ्ठावीस बरोबरीत सुटल्या, हरला एकही नाही. त्याचा सगळा जोर बचावात होता. एकदा तो हातापायांवर खाली बसला की त्याला उलटवणे कोणालाच जमत नसे. पोरे त्याला 'मैलाचा दगड' म्हणत. महायुद्ध संपून वर्ष झाले होते, बी.ए.ची परीक्षा सहा महिन्यांवर होती, आणि अशा वेळी एका छोट्या संस्थानच्या कारभाऱ्यांनी त्याची कुस्ती पाहून निरोप पाठवला : कॉलेज सोडून आमच्या तालमीत ये, खुराक देतो. अट एकच, तात्यांनी होय म्हटले पाहिजे.

सदाची झोप उडाली. "मामा, परीक्षा काय, कवाबी देता येईल. हे परत येणार नाही." चार दिवसांनी बहीण सांगलीला आली. तिचे म्हणणे थेट उलट. "दादा, आमच्या घराण्यात बुक वाचनारा ह्यो पैलाच. मामंजींस्नी काय सांगायचं ते सांग, पर ह्याचं कालेज सुटता कामा नये." मी कोणाचीच बाजू घेतली नाही. सदतीस कुस्त्यांचा तक्ता तयार केला, मिनिटे आणि प्रतिस्पर्ध्यांची वजने घातली, आणि तात्यांकडे जाऊन वाचून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकला.

"अठ्ठावीस बरूबरीत," ते म्हणाले. "ऱ्हायलंय पोरगं धरून. आन पडलाय कवा?"

"एकदाही नाही."

"मग मी काय सांगू?"

"अहो तात्या, तुमचा नातू आहे तो. अंगाखांद्यावर वाढलेला. त्याच्याबद्दल तुम्हांला आणखी काय बघायचे आहे?"

"नातू हाय म्हनूनच की. दुसऱ्याच्या पोराला दोन वर्सं बगितलं, आन घरच्याला न बगता व्हय म्हनू? माज्या डोळ्यावर पडदा हाय, पावणं. पोरगं पडंल तवाच त्यो सरंल."

आणि मग त्यांनी जे केले ते दुसऱ्या कोणत्या आजोबाने केले असेल असे मला वाटत नाही. सर्व्हिस मोटारीने ते दहिवडीला गेले, माणच्या माळावर चार दिवस हिंडले आणि एक मेंढपाळ पैलवान घेऊन आले. वय पस्तीसच्या आसपास, एक कान मोडलेला, बोलणे जवळजवळ नाहीच. त्याला तीन आठवडे घरी ठेवून घेतले आणि स्वतःच्या म्हशीचे दूध पाजले. सांगलीत नातू माझ्या गवळ्याचे पाणीदार दूध पीत होता. सगळ्यात मोठी पंचाईत माझ्या बहिणीची. "आवं मामंजी," ती भाकरी थापता थापता म्हणे, "मीच ह्याला जेवू घालायचं आन ह्यानं माज्याच पोराला पाडायचं, ही कुटली रीत?" एका वेळेला नऊ भाकरी लागत, असे तिने मला मोजून सांगितले. पहिल्या आठवड्यात परातीचा आवाज गल्लीपर्यंत जाई. दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा घर शांत होते आणि बहीण त्याच्या भाकरीवर आपण होऊन तुपाची धार धरीत होती. मी तिच्याकडे पाहिले. "पडला तर पोरगं कालेजात जाईल न्हवं," ती हळूच म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

शेजारगावच्या जत्रेच्या दिवशी दुपारी सदाची त्या गड्याशी कुस्ती लागली. मी हातात घड्याळ घेऊन तात्यांच्या शेजारी बसलो होतो, पलीकडे कारभारी. त्या मेंढपाळाने आजवर कोणाला पाच मिनिटांवर टिकू दिले नव्हते. सदा खाली बसला आणि टिकला. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. त्याच्या टाचा मातीत रुतलेल्या होत्या आणि तात्यांचे ओठ हलत होते. एकोणिसाव्या मिनिटाला त्या गड्याने सदाच्या पोटाखालून हात घातला, आणि मैलाचा दगड उलटला. आरोळी उठली, फेटे उडाले. सगळी जत्रा जिंकलेल्याकडे बघत होती. तात्या एकटे पडलेल्याकडे बघत होते. सदा दोन श्वास तसाच पडून राहिला, मग उठला. पाठीला माती होती. उठल्याबरोबर त्याने मान वळवली आणि हौद्याच्या कडेला, सरळ तात्यांच्या तोंडाकडे पाहिले. मग वळून जिंकलेल्या जोडीदाराच्या पाया पडला.

"काय तात्या?" कारभाऱ्यांनी विचारले.

तात्यांनी मिशीवरची माती पुसली, जी तिथे नव्हती. मग म्हणाले, "खुराक वाया जाईल." सदाने ते ऐकले आणि गर्दीतून निघून गेला.

परतताना बैलगाडीत मी वाद घातला. एकोणीस मिनिटे हा आकडा लहान नव्हे, असे मी म्हणालो, आणि आजही माझे तेच मत आहे. तात्यांनी मला बोलू दिले. मग म्हणाले, "पडल्यावर पैलवान जोडीकडं बगतो, पावणं. कुटनं शिरला, कसा शिरला. ह्यानं माज्याकडं बगितलं. म्हातारा काय म्हंतोय ते बगितलं." गाडी ओढ्यातून पार झाल्यावर पुन्हा म्हणाले, "तालीम जल्माची असती. म्हातारा कुटं जल्माला पुरतोय?" एका नजरेवरून माणसाचे आयुष्य ठरवावे का, हे मला अजून सांगता येत नाही.

सदा तात्यांशी एक वर्ष चार महिने बोलला नाही. बी.ए. दुसऱ्या वर्गात झाला आणि साताऱ्याला मास्तर झाला. पुढे संस्थाने विलीन झाली, ती तालीम बंद पडली, तिथले पैलवान वळकट्या घेऊन घरोघर गेले. लोक म्हणू लागले, तात्यांना आधीच दिसले होते. यावर तात्या संतापत. "मला काय सपान पडलं व्हतं व्हय रं, संस्थान जानार म्हनून? मी गड्याबद्दल बोललो व्हतो. नगं ते माज्या पदरात घालू नगा." नाही म्हणायला, ही बातमी कळल्यावर सदा स्वतः गावी आला आणि त्यांच्याशेजारी जेवायला बसला.

गेल्या दिवाळीत मी तिथेच होतो. सकाळी म्हशीची धार काढून येताना तात्यांचा पाय गोठ्याच्या पायरीवरून निसटला आणि ते पाठीवर पडले. सदा आणि मी ओसरीवरून धावलो. आम्ही पोचायच्या आत ते हाताच्या जोरावर उठून बसले होते. त्यांनी पायरीकडे पाहिले नाही, सांडलेल्या दुधाकडे पाहिले नाही. पहिल्यांदा पाहिले ते सदाच्या तोंडाकडे. मी पाहिले, सदानेही पाहिले, आणि आम्ही पाहिल्याचे तात्यांनाही कळले.

त्यांना ओसरीवर आणून बसवले. थोड्या वेळाने सदा उरलेले दूध बदाम घालून तापवून घेऊन आला. तात्यांनी हाताने भांडे दूर केले.

"नगं रं बाळा. खुराक वाया जाईल."

"जाऊ दे की," सदा म्हणाला. त्याने डावा हात त्यांच्या मानेवर ठेवला आणि उजव्याने भांडे ओठांना लावले. "प्या."

अर्ध्या शेराचे भांडे होते. ते प्यायले. मी नंतर पाहिले, थेंब राहिला नव्हता.