मला बेकार लिहू नका

गेल्या वर्षी आमचा बाइंडिंगचा गाळा बंद झाला. लालबागच्या एका जुन्या इस्टेटीत मालकाचं छोटं काम होतं, वह्या, पावती पुस्तकं, हिशेबाची जाड बाडं. मी कटिंग मशीनवर. मालकाने गाळा विकला, सगळ्यांचा हिशेब दिला आणि हात जोडले. मीही जोडले. माणूस बरा होता, धंदाच उरला नव्हता.

पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापले जायचे. आमच्यातला एक शिलाईवाला म्हणाला, नोकरी गेली तर ह्याच विम्यातून तीन महिने अर्धा पगार भत्ता म्हणून मिळतो, अर्ज कर. मी म्हटलं, फुकटचं नको. तो म्हणाला, फुकटचं कसलं, इतकी वर्षं तुझेच कापलेत. हे मला पटलं. आणि गरजही होती, कारण त्या वर्षी गावच्या गणपतीची पाळी माझी होती.

आमच्या घरात चार भावांचे चार वाटे. दर वर्षी एकाने गणपतीचं सगळं करायचं, मूर्ती, पूजा, भजनाच्या मंडळींचा पाहुणचार. ज्याची पाळी त्यानेच मूर्ती मूर्तिकाराच्या शाळेतून डोक्यावर घेऊन घाटीची उभी चढण चढून घरात आणायची. चार वर्षांनी एकदा नंबर लागतो. गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या वडिलांनीसुद्धा घरचा गणपती चुकवला नव्हता. तेव्हा मी पाळी चुकवायचा प्रश्नच नव्हता.

एका दुकानात ऑनलाइन अर्ज भरून घेतला आणि कागद घेऊन विम्याच्या ऑफिसात गेलो. खिडकीवर एक मॅडम होत्या. कागद चाळता चाळता त्यांनी विचारलं, "सध्या काय करता?"

आता ह्या प्रश्नाला परळ-लालबागचा माणूस काय उत्तर देणार? गिरण्यांच्या संपानंतर दिवसभर नाक्यावर उभे राहणारे बाप्ये मी पोरवयात पाहिलेत. त्यांच्याकडे बघून लोक कसे मान वळवायचे तेही पाहिलंय. मी ताठ उभा राहून म्हणालो, "काम करतो. बसून खाणाऱ्यातला नाही मी."

कसलं काम, असं त्यांनी विचारलं. आमच्या मंडळाची पावती पुस्तकं बांधतो, म्हणालो. ते खरंच होतं. वर्गणी सुरू व्हायच्या आधी दर वर्षी ती पुस्तकं मीच बांधतो, सेवा म्हणून, एक पैसा न घेता. मॅडमनी काहीतरी टाइप केलं आणि जा म्हणाल्या. मी खूश होऊन घरी आलो.

मग सुरू झालं ते चालूच राहिलं. दर आठवड्याला जायचं आणि ऐकून यायचं. कधी सर्व्हर बंद, कधी साहेब ट्रेनिंगला, आणि ह्यातलं काही नसेल तेव्हा प्रोसेसमध्ये आहे. मी एकदा विचारलं, प्रोसेसमध्ये म्हणजे नक्की कुठल्या टेबलावर? शिपाई म्हणाला, टेबलावर काही नसतं आता, सगळं आत असतं. आत म्हणजे कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आमच्या गाळ्यात एखादं पुस्तक अडलं तर कुठल्या माणसाच्या हाताखाली अडलंय ते मालक उभ्या उभ्या दाखवायचा.

शेवटी एका साहेबाने कॉम्प्युटर उघडून बघितलं. म्हणाला, तुम्ही स्वतःचा व्यवसाय करता असं इथे आहे, भत्ता कसा मिळणार? मी सेवेचं समजावून सांगितलं. त्याचं म्हणणं एकच, पैसे घेत नाही असं मंडळाकडून लिहून आणा.

आमच्या मंडळाचे सेक्रेटरी बोलायला उभे राहिले की माइक सोडत नाहीत. त्यांनी लेटरहेड काढलं, शिक्का मारला आणि पाकीट चिकटवूनच माझ्या हातात दिलं. मॅडमनी ते फोडलं, वाचलं, आणि ओठ दाबून हसल्या.

"काका, ह्यात तर तुम्ही अहोरात्र कार्यरत आहात म्हणून लिहिलंय. म्हणजे नाइट शिफ्टपण करता."

मी तसाच मंडळात गेलो. पैसे घेत नाही हे का लिहिलं नाही म्हणून सेक्रेटरींना धरलं. ते उलट मलाच समजावायला लागले. असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की आधी घेत होता. तुमच्या नावाला बट्टा नको म्हणून तर ते टाळलं. त्यांनी माझा मानच राखला होता, आणि तोच आडवा आला होता.

मॅडमनी तोड काढली. म्हणाल्या, पत्रबित्र सोडा, स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून द्या की मी बेकार आहे आणि माझं काही उत्पन्न नाही. मी म्हणालो, मला बेकार लिहू नका, काम बंद झालंय असं लिहा. त्या म्हणाल्या, तसं चालत नाही. मग मलाही चालत नाही, म्हणालो आणि उठलो. चौथीपर्यंतच शिकलोय, पण कशाखाली सही करायची ते मला कळतं.

हे घरी सांगितलं तेव्हा बायको भाकऱ्या थापत होती. ती लग्न होऊन आली तेव्हापासून चाळीतल्या एकट्या गड्यांना जेवायला घालते, खानावळ म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी डबे लवकर आटपून माझ्याबरोबर ऑफिसात आली. मॅडमनी कोरा कागद पुढे केला. मी पेन हातात घेऊन बसलो. मागची रांग चुळबुळ करायला लागली.

"माका जन्मभर सगळ्या फॉर्मात काय करीत नाय असाच लिवलानी," बायको म्हणाली. "मी मेलंय काय? लिवा गप."

मी लिहिलं. अक्षर नीट काढलं. मॅडमनी कागद वाचला आणि जरा नरमाईने म्हणाल्या, "हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काय करता ते विचारलंत," मी म्हणालो. "काय करत नाही ते विचारलं नाहीत."

एवढं करूनही पैसे आले नाहीत. आता मालकाकडून खातरजमा व्हायची होती, मग वरच्या ऑफिसची मंजुरी, मग बँक. श्रावण संपत आला. गावाहून धाकट्या भावाचा फोन आला.

"दादानू, ह्या वर्साची पाळी मी काढतंय. तुमी फकस्त येवा."

मी फोन ठेवून दिला. गणपतीला गेलो मात्र, न जाऊन कसं चालेल. धाकट्याने मूर्ती डोक्यावर घेतली आणि मी झांज वाजवत त्याच्या मागून घाटी चढलो. भजनाला आलेले लोक विचारत होते, दादाची पाळी ना ह्या वर्षी? धाकटाच सांगायचा, आम्ही अदलाबदल केली. खोटं बोलून त्याने मला झाकलं, त्याचाही मला रागच आला.

भत्ता आला तो पितृपक्षात, तिन्ही महिन्यांचा एकदम. मी ती सगळी रक्कम धाकट्याला पाठवली. त्याने तशीच परत पाठवली. म्हणाला, देवाच्या खर्चाची परतफेड नसते. बरं, मग येत्या वर्षी मी करतो, म्हणालो, तर मधले दोघे बसले अडून. क्रम मोडायचा नाही म्हणतात. धाकट्याने माझ्या जागी केलं, तेव्हा तुझी पाळी झाली, आता तीन वर्षं थांब.

अशी कशी झाली? मूर्ती माझ्या डोक्यावर आली नाही म्हणजे पाळी झाली नाही. अर्ज मी वेळेत केला होता. शिमग्याला सगळे गावी जमतील तेव्हा होळीच्या मांडावर, सगळ्या गावासमोर उभा राहून हे सांगणार आहे, खिडकीपासून पितृपक्षापर्यंत सगळं. बायको म्हणते, गप ऱ्हवा, तीन वर्सा काय लांब हत? ती घाटी तिने चढून बघावी डोक्यावर मूर्ती घेऊन. गुडघे आज आहेत.