संगिता मॅडमची वाटी

कुरुंद्याची ज्योती हिंगोलीला कॉलेज करून, इंग्रजी घेऊन बी.ए. झाली होती. त्याच वर्गात मागच्या बाकावर संगिता बसायची. आता दोघी एकाच गल्लीत नांदत होत्या. पण गल्लीतली लेकरं शिकवणीला जायची ती संगिताकडं. त्यात ज्योतीची सहावीतली कोमलही होती, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं.

पाठवलं तिनंच होतं. डायरेक्ट ऑब्जेक्ट, इनडायरेक्ट ऑब्जेक्ट, दोन्हींच्या व्याख्या तिनं कोमलकडून घोकून घेतल्या. पोरीनं दर वेळी उलटं सांगावं, हिनं आवाज चढवावा, पोरीनं रडावं. शेवटी ज्योतीनं हात टेकले.

आठवडा व्हायच्या आत कोमलनं आजीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला अन् म्हणाली, "आय गेव्ह आजी वॉटर. काय दिलं? पाणी, ते डायरेक्ट. कुणाला दिलं? आजीला, ती इनडायरेक्ट. मॅडम आमाला खडू, चिंचा एकमेकाला द्यायला लावतात."

"मी काय वेगळं सांगत होते?" ज्योती म्हणाली.

"तू सांगत न्हवतीस, वरडून राहिली होतीस."

सासू नर्मदाबाई पदराआड हसली. ज्योतीला ते हसूसुद्धा संगितानंच पाठवल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी संगितानं कोमलबरोबर वाटीभर शेंगदाण्याची चटणी धाडली. घरात सगळ्यांनी बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या वेळी ज्योतीनं वाटी घासून, पुसून तशीच कोमलच्या हातात ठेवली.

"ज्योते, रिकामी वाटी देऊन राहिलीस?" नर्मदाबाई म्हणाली. "साखरेचे दाणे तरी टाक. काय म्हनल ती?"

"म्हणू द्या."

गावात वैऱ्याचीही वाटी कुणी रिकामी परत करत नाही. ज्योतीला ते ठाऊक होतं; म्हणूनच तिनं साखरेच्या डब्याकडं पाहिलंही नाही.

दिवेलागणीला कोमल परतली ती ओठ मुडपून. "सगळे मला खादाड म्हनून राहिले."

"काहून?"

"मॅडमनी रिकामी वाटी पाहिली. मी म्हनलं, आईनं लाडू दिले होते, वाटंत मीच खाल्ले."

"खोटं काहून बोललीस?"

"मंग काय सांगू? आईनं काहीच न्हाई दिलं म्हनू?"

ज्योतीनं तिला जवळ ओढलं. सगळ्या वर्गाचं हसू पोरीनं आईसाठी अंगावर घेतलं होतं. तेवढ्यावर तिनं थांबायला हवं होतं. पण तिनं विचारलंच, "मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हनल्या, भूक लागली असंल लेकराला. अन् मला केळं दिलं."

इथंही संगिताच मोठी ठरली. ज्योती उठली, बेसनाचा डबा उघडला, कढईत सैल हातानं तूप सोडलं.

"एवढं पीठ?" नर्मदाबाईनं विचारलं.

"तिच्याकडं पोरं थोडी येतात का?"

पहिला लाडू तिनं कोमलच्या तळहातावर ठेवला. "खरं सांग, चटणीपेक्षा कसा झालाय?"

कोमलनं अख्खा लाडू तोंडात कोंबला, म्हणजे बोलायला नको.