धाकट्याची नक्कल, थोरल्याची नक्कल

आमच्या नाटक कंपनीत त्याला सगळे कुजबुज्या म्हणत. चाळीस वर्षं तो विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करत होता. नट अडला की पुढचा शब्द अशा बेतानं सोडायचा, की नटाच्या कानात पडावा आणि पहिल्या रांगेला पत्ता लागू नये. माझी निम्मी कीर्ती त्याच्या ओठांवर उभी होती. पण त्यालाच "चहा घेणार का रे?" विचारलं, तर उत्तर येईपर्यंत चहा निवायचा. दुसऱ्याचं वाक्य सदा तयार, स्वतःचं घशात अडकलेलं.

कंपनी बंद पडल्यावर त्यानं सहा वर्षं खपून कादंबरी लिहिली. दोन भाऊ, दोघंही आपापली कहाणी सांगतात. एक प्रकरण धाकट्याचं, पुढचं थोरल्याचं. धाकटा म्हणजे तो स्वतः. थोरला म्हणजे त्याचा सख्खा भाऊ, आमचा पडदे बांधणारा, जो भर तालमीत शिडीवरून पडून गेला. "पिऊन चढला, त्याला कोण काय करणार?" असं मॅनेजर तेव्हा म्हणाला होता आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. थोरल्याच्या प्रकरणांत निराळंच होतं. शिडी धाकट्यानं धरली होती, एका हातानं. दुसऱ्या हातात नाटकाची वही. रंगमंचावर नटी अडली. पान उलटायला त्यानं शिडीवरचा हात सोडला.

ती नटी मी. शब्द मला वेळेवर मिळाला होता. मागून धप्प आवाजही आला होता. हात कुणाचा सुटला, ते तीस वर्षांनी वाचून कळलं.

"वहिनीला सांगायचंय, बाई," तो म्हणाला. "तोंडानं जमत नाही. पुस्तक निघालं की तिच्या हातात ठेवीन. छापलेलं कुणी खोटं म्हणत नाही."

वहिनीचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी सात-आठ महिने सांगितले होते.

प्रकाशकांकडे थेट दार नव्हतं. आधी पुस्तकांचे एजंट नमुन्याची तीन प्रकरणं वाचतात आणि पसंत पडलं तर पुढे नेतात. असे तीन एजंट शोधून आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर पानं मांडली. आता आमची जुनी रीत ऐका. कंपनीत अख्खं नाटक नटाच्या हाती कधी पडत नसे. ज्याची जी भूमिका, त्याला तेवढीच वाक्यं वहीत उतरवून मिळत. तिला नक्कल म्हणत. नकला उतरवण्यात कुजबुज्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. जन्माच्या सवयीनं त्यानं दोन थप्प्या केल्या. एका एजंटाला धाकट्याची तीन प्रकरणं, बाकी दोघांना थोरल्याची.

"सरमिसळ नको," तो म्हणाला.

"बरोबर. सुटसुटीत बरं," मी म्हणाले, आणि पाकिटं चिकटवली. दोघे शहाणे!

चार महिने गेले. दोघांनी पोचही दिली नाही. धाकट्याची प्रकरणं ज्याला गेली होती, त्याची चिठ्ठी आली. 'सांगणारा सारखी स्वतःची सफाई देतो. ज्याचं ऐकावंसं वाटतं, तो भाऊ तोंडच उघडत नाही. हेच लेखन वर्षभर पुन्हा पाठवू नये.'

"उघडत नाही कसा?" कुजबुज्या चिडला. "अर्धं पुस्तक तोच बोलतोय!"

"अरे, पण ते आपण यांना पाठवलं कुठे?"

त्यानं चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाला, "वर्षभर."

"वर्ष नाहीये तिच्याकडे. ऊठ. वाचून दाखव. आजच."

वहिनी तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी खाट ओढून पडलेली. लेक कामावर गेली होती. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि थोरल्याचं प्रकरण वाचू लागला, विंगेत बसल्यासारखा.

"ऐकू येत नाही, भाऊजी. मोठ्यानं."

पुन्हा तीच कुजबुज. मला राहवेना. "दे इकडे, मी वाचते."

"तुम्ही नको, बाई," वहिनी म्हणाली. "तुम्ही वाचलंत की खोटंही खरं वाटतं. त्यांनाच वाचू दे."

मग त्यानं आवाज चढवला. चाळीस वर्षं न वापरलेला आवाज, फाटका, चिरका. शिडीपर्यंत आला आणि थांबला.

"पुढे?"

त्यानं पुढचं वाचलं. हात सुटला तिथपर्यंत, आणि त्याच्या पुढचंही.

"म्हणजे प्यायले नव्हते?"

"थेंबही नाही, वहिनी."

"दारुड्याची पोर म्हणून माझ्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. तुम्ही बैठकीत होता. पाणी आणून दिलंत मला." ती दम घ्यायला थांबली. "हे आधी कुणाला दिलंत वाचायला?"

"छापायला म्हणून तिघांना पाठवलं."

"तीन परक्यांना. मग मला." तिनं हात पुढे केला. "ह्यांची पानं ठेवा. तुमची घेऊन जा. आणि आता येऊ नका."

जिना उतरताना तो दर पायरीवर थांबत होता. मी हात धरला, तर त्यानं सोडवून घेतला.

पाच आठवड्यांनी वहिनी गेली. तो कोपऱ्यावरच्या दुकानाशी उभा राहून बघत होता. लेकीनं त्याला पुढे येऊ दिलं नाही.

महिन्यानं लेकीचा मला फोन आला. पानं तिनं वाचली होती. "वर चढताना बाबा शिट्टी वाजवत होते, असं लिहिलंय. घरी जाताना माझ्यासाठी रंगीत खडू घ्यायचे ठरवत होते. हे खरं, की काकांनी रचलेलं?"

"मला ठाऊक नाही, बाळ. त्यालाच विचार."

"त्यांच्याशी मी बोलणार नाही," ती म्हणाली. तरी बराच वेळ तिनं फोन ठेवला नाही.