खेकसणारा बाबू

पांढुर्ण्याच्या बँकेतला तो बाबू सगळ्यांवरच खेकसे. आमचे हे दवाखान्यात होते, शिलाईचं दुकान बंद, अन् खात्यात पैसे कमी पडले म्हणून बँकेनं एकाच चेकपायी ओव्हरड्राफ्टचा दंड दोनदा कापला. मी विचारायला गेले तर ओरडला, "बाई, कायले डोकं खाऊन राहिल्या?"

अन् हळूच कोरा कागद सरकवला. "दंड परत मागायचा अर्ज तुम्हीच लिहा. माहं अक्षर साहेब ओळखते. मालक आजारी आहे हेही लिहा, लाजू नका."

एक ओळ हळूच सांगे, मंग एकदा ओरडे. साहेबाला वाटलं, हाकलूनच राहिला मले.

आठवड्यात दोन्ही दंड परत आले, त्यातूनच यांची औषधं आणली. मी संत्री घेऊन गेले, तर पुन्हा खेकसला, "रांगेत या!"

राहिले उभी. ते ओरडणं किती गोड लागलं, काय सांगू!