लाल गाडीचा भाव

लग्नानंतर दोन वर्षांनी, ऐंशीच्या आसपास, आम्ही देवासला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. हे टूलरूममध्ये होते, नोकरीसाठी कोल्हापूरकडून आलेले. पान नाही, पत्ते नाहीत, कसलं व्यसन नाही. वेड एकच, मोटारींचं. परदेशी मासिकांतली चित्रं कापून ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवत. त्यामुळे धारला एका घरी इटलीची जुनी स्पोर्ट्स कार विकायची आहे असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा पुढच्याच रविवारी आम्ही बसमध्ये होतो.

घर संस्थानच्या दरबाराबरोबर पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या मराठी कुटुंबाचं. मालक सत्तरीचे होते. एका जहागीरदाराच्या मोटारखान्यावर त्यांनी उभी हयात घालवली होती, आणि शेवटी पगाराऐवजी ही गाडी पदरात पडली होती. आम्ही त्यांना काकाच म्हणू लागलो. त्यांनी ताडपत्री ओढली. लाल रंग विटलेला, दोनच माणसांची जागा, वर टप नाही. हे गाडीभोवती फिरले, मग गुडघे टेकून खाली वाकले, आणि उठले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"नऊ हजार," काका म्हणाले. "पण घाई करू नये. दिवाळीनंतर या. तोवर मी दुसऱ्या कोणास देत नाही."

नऊ हजार तेव्हा आम्हाला डोंगराएवढे होते. तरी परतताना हे सारखे हसत होते, आणि मलाही बरं वाटलं.

दिवाळीनंतर गेलो तर दार काकांच्या पुतण्याने उघडलं. तिशीतला, गोड बोलणारा.

"भिया, नौ हजार तो पुरानी बात झाली," तो इकडच्या मिसळलेल्या बोलीत म्हणाला. "मुंबईची पार्टी येऊन गेली. आता अठरा."

काका ओसरीवर उन्हात बसले होते. उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं. यांनी विचारलं, "काका, आपलं ठरलं होतं ना?" काकांनी पुतण्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"गाडी कुठाय?" यांनी विचारलं.

"धामनोदला. रंगाला दिली."

निघताना पुतण्या यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेला. मी चपला घालत होते. काका माझ्याकडे न बघताच हळू म्हणाले, "सूनबाई, तुम्ही त्या गाडीत बसू नका." मी थांबले. "का हो काका?" तेवढ्यात पुतण्या वळला, आणि काकांनी डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखे.

बसमध्ये मी यांना ते सांगितलं. हे म्हणाले, "म्हातारपणी जीव अडकतो वस्तूत. त्यांना विकायची नसेल." मला काही ते पटलं नाही.

त्या हिवाळ्यात घरातलं बोलणं बदललं. दर पंधरवड्याला पुतण्याचं पोस्टकार्ड यायचं: बावीस झाले, अठ्ठावीस झाले, दिल्लीहून कोणी आलं होतं. भाव चढला की यांची झोप उडायची. एके सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "आपला प्लॉट काढून टाकू." घर बांधायला आम्ही घेतलेली ती एकुलती एक जागा. मी म्हटलं, "तुम्हाला गाडी हवीय की दुसऱ्याला मिळू नये असं वाटतंय?" त्यांनी कप बशीत ठेवला आणि पोस्टकार्ड पुन्हा वाचायला घेतलं.

तिसऱ्या खेपेला भाव पस्तीस होता. गाडी अंगणात उभी होती, नव्या रंगाने इतकी चकचकीत की माझा चेहरा दारात दिसत होता. "चक्कर मारून या," म्हणत पुतण्याने किल्ली दिली. काका आतल्या खोलीच्या खिडकीत उभे होते. त्यांनी मान हलवली, एकदाच, नाही म्हणून. मी ते पाहिलं, आणि तरीही बसले. हे एकटे जातील याची मला जास्त भीती वाटली.

मांडवच्या रस्त्याला लागलो. गाडी सतत डावीकडे ओढ घेत होती. वळणावर पायाखालून आवाज यायचा, बोटं मोडल्यासारखा. यांचा चेहरा बदलला. एका निंबाखाली त्यांनी गाडी थांबवली, पाठीवर झोपून खाली सरकले, आणि चाकूने काहीतरी खरवडल्याचं ऐकू आलं. बाहेर आले ते पांढरेफटक.

"चासी मोडलीय, गाडीचा खालचा सांगाडाच," ते म्हणाले. "कुठेतरी जबर आपटलीय. वरवर वेल्डिंग मारून रंग फासलाय. वेल्डिंगच्या पुढेसुद्धा तडा गेलाय. वेगात असताना सुटली तर माणूस उरणार नाही."

माणूस चालेल त्या वेगाने आम्ही परत आलो. अंगणात इंदूरचा एक तरुण व्यापारी येऊन बसला होता. यांनी सगळ्यांसमोर त्याला तड्याचं सांगितलं. पुतण्या हसला, "पुरानी गाडी आहे, आवाज तो करेगी." व्यापारीही हसला. "भाऊ, भाव पाडायचा हा जुना डाव आहे. मी अडतीस देतो."

आणि मग हे म्हणाले, "चाळीस."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तासाभरापूर्वी तो तडा त्यांनी स्वतःच्या बोटाने चाचपला होता. डोळे गाडीवर खिळलेले, कपाळावर घाम. मी त्यांचा दंड धरला तरी त्यांना कळलं नाही.

"पंचेचाळीस," व्यापारी म्हणाला.

हे पुन्हा तोंड उघडणार तोच मी ओरडले, "बास! प्लॉटच्या कागदावर माझीही सही लागते, आणि मी ती करणार नाही." हे झोपेतून उठल्यासारखे झाले. खिडकीत काका बोलायला लागले होते, "अहो, पुलाच्या कठड्यावर..." पुतण्या चटकन आत गेला. "काका, आराम करो," एवढंच ऐकू आलं, आणि खिडकी लागली.

गाडी पंचेचाळीसला व्यापाऱ्याकडे गेली. देवासला आल्यावर हे आठवडाभर नीट जेवले नाहीत. मग एका रविवारी म्हणाले, "त्या माणसाला परत एकदा सांगायला हवं." व्यापाऱ्याचं दुकान शोधत आम्ही इंदूरला गेलो. त्याने आदराने बसवलं, चहा मागवला.

"तुमचं खरं होतं," तो म्हणाला. "मिस्त्रीला दाखवली. म्हणाला, चालवू नका."

माझा जीव भांड्यात पडला. "मग काय केलंत?"

"विकली. मुंबईला. साठ आले."

"त्यांना तड्याचं सांगितलंत?" यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर साठ आले असते का?" त्याने चहाचा कप यांच्यापुढे सरकवला. "आणि भाऊ, तड्याचं माहीत असून तुम्हीच तर चाळीस म्हणाला होतात."

हे उठले. मुंबईच्या गिऱ्हाइकाचा पत्ता मागितला, तो त्याने दिला नाही.

उन्हाळ्यात आम्ही काकांना भेटायला धारला गेलो. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पुतण्याने त्यांना कन्नोदला कुणा नातेवाइकाकडे पोहोचवलंय, पत्ता माहीत नाही. यांनी तड्याची जागा दाखवणारं चित्र काढलं, मापांसकट, आणि मुंबईच्या एका मोटार क्लबला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोच आली, उत्तर आलं नाही. पुढे बरीच वर्षं मुंबईचं वर्तमानपत्र हाती आलं की हे अपघातांच्या बातम्या आधी वाचत, आणि वाचून झालं की पेपर माझ्याकडे देत.