नदी बघायला आलेले पाहुणे

आमच्याकडे सोयरीक जमवायला निघालो असं कुणी तोंडानं म्हणत नाही. मुलाकडची माणसं मुलीचं घर-शेत बघायला जातात आणि वाटेत विचारणाऱ्याला सांगतात, जरा काळी नदी बघून येतो. गोवा मोकळा झाल्यानंतरच्या एका हिवाळ्यात खानापुराहून असेच तिघे निघालो. मुलाचे आईवडील आणि मी. मुलगी माझ्या मामाची.

लोंढ्यापर्यंत रेल्वे, तिथून सुप्याच्या वाटेला सर्व्हिस मोटार आणि पुढं मामानं पाठवलेली बैलगाडी. दरी उतरताना धुकं वर सरकत होतं आणि खाली नदी कधी बांबूंच्या आड जायची, कधी अचानक हिरवीगार समोर यायची. एका डोहावरून धनेशाची जोडी पंखांचा मोठा आवाज करत गेली. मुलाचे वडील हरखून गेले होते. हे सोडून आपण खानापुरात कशाला कुजतोय, असं ते दोनदा म्हणाले. त्यांची बायको म्हणाली, मग ऱ्हावा हितंच, मी एकटी जाते, घर तरी शांत हुईल. गाडीवान हसला. मला हसू आलं नाही.

मला ठाऊक होतं, ही सगळी दरी पाण्याखाली जायची आहे. आदल्या उन्हाळ्यात मोजणीवाले दुर्बीण घेऊन आले, मामाच्या खळ्याशेजारी आकडा कोरलेला चौकोनी दगड पुरून गेले. कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही. त्यांची साखळी धरणारा गडी जाता जाता बोलला, धरण झालं की पाणी इथवर येणार. मामाचं घर त्या दगडापेक्षा खालच्या अंगाला आहे. मी त्यावर पत्रक काढलं होतं. ज्यांची घरं जायची त्यांना आधी विचारा, एवढंच त्यात होतं. खानापुरात लोकांनी ते वाचलं की त्यात भजी बांधली, कोण जाणे. पाहुण्यांपर्यंत तरी ते पोचलं नव्हतं. त्यांना मी स्वतः सांगतो, असा मामानं मला निरोप धाडला होता.

गाडी खळ्यात थांबली आणि मी बघतच राहिलो. तो दगड शेंदरानं लाल झाला होता. वर झेंडूची माळ, पुढं पणती. आकडा कुठं दिसत नव्हता.

इथं प्रत्येक शेताला राखणदार देव असतो. उभा दगड, शेंदूर लावलेला. मामाचा खरा राखणदार ओढ्यापलीकडं रानाच्या कडेला आहे. मामीला फक्त तो आकडा पाहुण्यांच्या नजरेआड करायचा होता. पण राखणदार दिसल्यावर मुलाकडची माणसं काय करणार, याचा विचार तिनं केला नव्हता. राखणदारापुढं नारळ फोडून दिलेला शब्द मागं घेत नाहीत. अर्धी वाटी मुलीच्या घरी राहते, अर्धी मुलाच्या घरी जाते.

मी मामाला गोठ्यामागं नेलं. सांगून टाक म्हणालो. नाहीतर मी सांगतो.

"धरणाच्या गावची पोरगी कोण करून घेतंय?" मामा म्हणाला. "दोन ठिकाणं अशीच मोडली. तुझं कागदावरचं खरं तुझ्यापाशी ठेव. माझी पोरगी उजवू दे."

मी उत्तर देणार तोच खळ्यातून नारळ फुटल्याचा आवाज आला. पाहुण्यांना घर आवडलं होतं, शेत आवडलं होतं, मुलगी तर आधीच आवडली होती. त्यांनी मामाची वाटही बघितली नव्हती.

आम्ही धावत आलो तेव्हा माझी मामेबहीण गुळाचा चहा घेऊन उभी होती. मुलाच्या आईनं नारळाची अर्धी वाटी पदरात घेतली होती. बहिणीनं कपबशा खाली ठेवल्या.

"मावशी, ह्यो राखणदार न्हाई. धरणाचा दगड हाय. पाणी हितवर येणार."

मुलाचे वडील आधी हसले. मग वाकून त्यांनी अंगठ्यानं शेंदूर घासला. खालचा आकडा वर आला. मामा गाडीच्या जुवावर बसला.

"सरकारच्या दगडाफुडं वाकवलंसा व्हय आमाला," मुलाचे वडील त्याला म्हणाले.

मला वाटलं होतं, खरं बोललं की माणसं बाजू घेतात. पत्रकांत तसंच असतं. मुलाच्या आईनं पदरातली वाटी काढून बहिणीच्या हातात ठेवली.

"पोरी, तू खरी हायस. पण उद्या तुला म्हायेर आठवलं, तर मी तुला कुठं धाडू?"

परतीच्या वाटेवर नदी तीच होती, ऊन उतरल्यानं जास्तच सुंदर. तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

शिमग्याला मी पुन्हा गेलो. पत्रकाचा नवा गठ्ठा पिशवीत होता. मामा अजून मुलीशी बोलत नव्हता. ती भाताचं सूप घेऊन त्या दगडाजवळून गेली, वळूनही न बघता. मामी मात्र तिथं पणती लावत होती. आता कुणापासून लपवायचं होतं? मी तसं विचारलं.

"नारळ फुटला आन् शबूद मोडला न्हवं हितं," ती म्हणाली. "आता तसा कसा सोडू त्याला?"

दगडाला देव मानण्याविरुद्ध मी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्या संध्याकाळी नदीकडून वारा सुटला होता आणि वात सारखी विझत होती. मी खाली बसलो आणि मामीची काडी पेटेपर्यंत पणतीला हाताचा आडोसा धरला.